शेकलेलं घड्याळ

घड्याळबाईच्या दोन डोळ्यांत कामाची वाटणी होती. डावा संसारी. रस्ता ओलांडायला, उतू जाणारं दूध वेळेत धरायला, गिऱ्हाईक खरं बोलतंय की नाही ते बघायला. उजवा फक्त घड्याळांचा. वडिलांनी तिला दुकानात बसवलं तेव्हापासून त्याच डोळ्याच्या खोबणीत काळं भिंग बसत आलं होतं. हाताने धरायचं नाही, नुसतं भुवई आणि गाल यांच्यामध्ये आवळून ठेवायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. संध्याकाळी भिंग काढलं की डोळ्याभोवती गोल वळ उठलेला असायचा. नवं गिऱ्हाईक हळहळून विचारायचं, "कुणी मारलं का हो?" ती म्हणायची, "हो, तुमच्यासारख्यांच्या घड्याळांनी."

त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली.

आता रांजणवाडी काही कौतुकाची गोष्ट नाही. येते, ठणकते, पिकते, जाते. तिचीही गेली. मधल्या काळात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने एकेक औषध सांगितलं आणि तिने एकही केलं नाही, त्यामुळे फार बिघडलं नाही. पण रांजणवाडी गेली तरी मागे एक गाठ उरली. मसुराच्या डाळीएवढी, पापणीच्या कातडीखाली. लाल नाही, ठणका नाही. बोटाने चाचपली तर टणक. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं ठरवून लोक जे करतात तेच तिने केलं. म्हणजे काहीच केलं नाही. फक्त भिंग लावताना ती गाठ मध्ये यायची, म्हणून भिंग जरासं तिरकं लावायची सवय करून घेतली.

घरात दुसरं माणूस एकच, तिची नणंद. नवरा पोस्टमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची ही धाकटी बहीण लग्न न करता एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात जन्मभर इस्त्रीच्या यंत्रावर उभी राहिली आणि निवृत्त झाल्यावर भावजयीकडे आली. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे जिना. वन्संना घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसाच्या चेहऱ्यावर पडलेली एक सुरकुती त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.

"वहिनी, ती गाठ मोठी झालीय."

"नाही झालेली."

"तू भिंगातून घड्याळ बघतेस, आरशात कधी बघतेस? चल डॉक्टरकडे."

"दुखत नाही, वन्सं."

"धोंडा पण दुखत नाही. म्हणून डोळ्यावर ठेवतं का कुणी?"

शेवटी गेली. एवढ्यासाठीच गेली की वन्सं गप्प बसाव्यात.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, भराभर बोलणारी, भराभर काम करणारी. घड्याळबाईला ती पहिल्या दोन वाक्यांतच आवडली. डॉक्टरने हनुवटी एका पट्टीवर ठेवायला लावली, कापसाच्या काडीवर पापणी अलगद उलटी केली आणि बाजूच्या पडद्यावर दाखवत म्हणाली, "काकू, ही तुमच्या पापणीची कड. मोठी करून दाखवतेय."

काकूंनी डाव्या डोळ्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्या पाहतच राहिल्या.

पापणीच्या केसांच्या मुळांच्या आतल्या अंगाला बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, जणू कुणी पट्टी ठेवून आखलेली. आणि काही ठिपक्यांवर लहानसा, चकाकणारा थेंब.

घड्याळात चाकाची टोकं फिरतात ती बारीक लाल खड्यांत. प्रत्येक खड्याला वरून एक खोलगट वाटी कोरलेली असते. त्या वाटीत तेलाचा एक थेंब ठेवायचा. जास्त झाला तर ओघळतो, कमी झाला तर टोक झिजतं. तो थेंब अचूक ठेवायला शिकण्यात तिची तीन वर्षं गेली होती आणि वडिलांच्या पुष्कळ शिव्या. आणि इथे तिच्या स्वतःच्या पापणीवर, तिला न विचारता, त्या वाट्यांची रांगच्या रांग मांडून ठेवलेली होती. थेंबासकट.

"हे माझं आहे?"

"सगळ्यांना असतं. पापणीत तेलाच्या ग्रंथी असतात, ही त्यांची तोंडं. तुम्ही पापणी मिटलीत की प्रत्येकीतून किंचित तेल बाहेर येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं. नाहीतर पाणी उडून जाईल, डोळा कोरडा पडेल."

"दर वेळी? मिटली की दर वेळी?"

"दर वेळी."

"तेल घालतं कोण?"

डॉक्टर हसली. "कुणी नाही घालत, काकू. आपोआप तयार होतं."

आपोआप. हा शब्द घड्याळबाईने जन्मभर ऐकला होता आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवला नव्हता. दुकानात येणारा प्रत्येक जण घड्याळ काउंटरवर ठेवून हेच म्हणायचा, की आपोआप बंद पडलं. आपटलं का? छे! पाण्यात गेलं का? नाही हो! मग ती मागचं झाकण उघडायची आणि आत गंज, नाहीतर तुटलेलं टोक, नाहीतर सरळ सरळ साबणाचं पाणी. कालच एक निवृत्त नर्सबाई आपलं छातीवर उलटं अडकवायचं जुनं घड्याळ घेऊन आल्या होत्या. त्यांनीही तेच सांगितलं. जन्मभर नाडी मोजणारी बाई, तीही खोटं बोलली. घड्याळ कपडे धुवायच्या बादलीत बुडालेलं होतं.

आणि इथे एक शिकलेली मुलगी पडद्यावर बोट ठेवून सांगत होती की आपोआप. तिच्या बोटाखाली ते दिसतही होतं.

"मग बिघडलं काय?" घड्याळबाईने विचारलं. या प्रश्नावर तिला हक्क होता.

"एका ग्रंथीचं तोंड बंद झालं. रांजणवाडीच्या वेळी सूज आली तेव्हा. आतलं तेल साचलं, घट्ट झालं, त्याची गाठ झाली. स्वच्छ मऊ कापड कोमट पाण्यात पिळून पापणीवर ठेवायचं, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कापड गार झालं की पुन्हा पाण्यात पिळायचं. पाणी चटका बसेल इतकं गरम नको. नंतर स्वच्छ बोटाने वरून खाली, केसांच्या दिशेने, हलकेच चोळायचं. ऊब लागली की आतलं तेल पातळ होतं आणि वाट मिळाली की निघून जातं. महिना-दीड महिना लागेल."

"त्यापेक्षा उघडून साफ का नाही करत?"

"उघडू, लागलं तर. आधी शेक. दाबायची, पिळायची, टोचायची नाही. आणि त्या डोळ्याला भिंग नको तोवर."

घड्याळबाईने मान हलवली. आणि मनात म्हणाली, कमाल आहे, हीसुद्धा तसलीच निघाली.

कारण हे सगळं तिला माहीत होतं. जुनं घड्याळ बंद पडतं ते बहुतेक वेळा तेल घट्ट झाल्यामुळेच. असं घड्याळ दिव्याखाली धरा, तेल पातळ होतं, आणि घड्याळ चालू लागतं! पलीकडच्या रस्त्यावर पूर्वी एक दुकानदार होता, तो याच्यावरच जगला. गिऱ्हाईकासमोर घड्याळ दिव्याखाली धरायचा, टिकटिक सुरू झाली की कानाला लावून द्यायचा. घरी जाऊन गार झालं की घड्याळ पुन्हा मुकं. तिच्या वडिलांना जगात दोन गोष्टींचा तिटकारा होता, उशिरा येणारी माणसं आणि शेकलेली घड्याळं. "बंद पडलं तर उघड, सगळं सुटं कर, धू, नवं तेल घाल. शेकून चालवलेलं घड्याळ खोटं बोलतं," असं ते म्हणायचे. त्यांच्या दुकानात घड्याळ दिव्याच्या जवळ नेलेलं दिसलं तरी ते खेकसायचे.

अशा बापाच्या लेकीला सांगा की शेक.

घरी आल्यावर मात्र वन्संनी मोहीमच हाती घेतली. शेक म्हणजे ऊब, आणि ऊब म्हणजे त्यांचं खातं. एक पांढरं धुवट कापड त्यांनी उकळून, वाळवून, घड्या घालून वेगळं ठेवलं. कोमट पाण्याचं भांडं आणायच्या, कापड पिळायच्या, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायच्या, आणि मान डोलावून म्हणायच्या, "आत्ता. आत्ता बरोबर आहे. धर."

"मी माझी करते, वन्सं. मागच्या खोलीत निवांत पडून करते."

"कर बाई. कापड गार झालं की पिळून घेत जा."

घड्याळबाई भांडं घेऊन मागच्या खोलीत जायची, दार लोटायची, भांडं खिडकीच्या पाळीवर ठेवायची आणि खुर्चीत बसायची. भांड्यातून वाफ निघायची आणि खिडकीबाहेर निघून जायची. खालून दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांची कुजबुज यायची. ती डोळे उघडे ठेवून ती ऐकत बसायची. भांडं निवलं की कापड एकदा बुडवून, पिळून, डोळा जरासा चोळून बाहेर यायची.

"कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय."

"चेहऱ्यावर दिसतंय की." वन्सं खूश.

हे असं दिवसातून तीनदा. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चारचौघांत मान असलेली, आणि शाळेतल्या पोरीसारखी औषध कुंडीत ओतत होती. तिला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण लाज एका पारड्यात आणि वडील दुसऱ्यात, असं असलं की वडिलांचं पारडं जड व्हायचं.

गाठ दरम्यान वाटाण्याएवढी झाली.

भिंगाची मनाई तिने पाळली, पण आपल्या पद्धतीने. डाव्या डोळ्याला लावून बघितलं. डाव्या डोळ्याला आवळायची सवयच नाही, भिंग घरंगळून चिमट्यांच्या ताटलीत पडायचं. तीनदा पडलं. चौथ्यांदा ते थेट चहात पडलं आणि वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पट्टे बदलणं, सेल बदलणं एवढं चाले. खरी कामं काचेच्या झाकणाखाली वाट बघत राहिली, त्यात नर्सबाईंचं घड्याळ पहिलं.

एके दिवशी दुपारी वन्सं झोपल्या होत्या. दुकानात कुणी नव्हतं. तिने उजव्या डोळ्याला भिंग लावलं, झाकण उचललं, नर्सबाईंचं घड्याळ पुढे ओढलं.

तोल सांभाळणारं जे चाक असतं, घड्याळाचं काळीज म्हणा, ते तिला लंबगोल दिसत होतं. तिने डोळा पुसला. पुन्हा लंबगोल. भिंग पुसलं. लंबगोल. चाक वाकलं असेल म्हणून टेबलावरचं दुसरं घड्याळ घेतलं. त्यातलंही लंबगोल. जगातल्या सगळ्या चाकांना एकाच दुपारी काही झालेलं नव्हतं, एवढं तिला कळत होतं. तरी हट्टाने तिने चिमटा आत घातला. त्या चाकाला केसाहून बारीक एक स्प्रिंग असते, गुंडाळी करून बसवलेली. चिमट्याचं टोक जिथे जायला हवं होतं त्याच्या शेजारी गेलं. इतकंच. नखाच्या टोकाइतकं. स्प्रिंग अडकली, ओढली गेली, आणि तिची गुंडाळी झाली गुंता.

तिने चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सगळ्या भिंतीवर घड्याळं चालत होती, आणि तिला पहिल्यांदा असं वाटलं की ती तिच्याशिवाय चालताहेत.

हा डोळा गेला तर ती पट्टे आणि सेल विकणारी बाई. बस. त्या कामाला भिंग लागत नाही, आणि त्या कामाला तीसुद्धा लागत नाही.

वन्सं उठल्यावर तिने एवढंच सांगितलं, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. कापून टाका म्हणते मी."

चाकं लंबगोल दिसतात हे ऐकून डॉक्टरने पापणी पुन्हा उलटी केली. या वेळी ती भराभर बोलली नाही. बोटाने गाठ चाचपली, दिवा जवळ आणला, लांब नेला. "चाकं लंबगोल दिसणारच. गाठीचा दाब बुबुळावर पडतोय. पण ही वाढलीय, काकू. शेक नीट चालू होता?"

घड्याळबाई तोंड उघडणार तोवर वन्सं बोलून मोकळ्या झाल्या. "नीट? अहो, मी स्वतः पाणी तापवते! मनगटाला लावून देते. दिवसातून तीनदा, एक दिवस चुकला असेल तर शपथ."

"चोळणं?"

"तेही करते ती. आतल्या खोलीत पडून करते, हो ना गं?"

डॉक्टरने खुर्ची मागे घेतली. "मग मला जरा काळजी वाटते. इतका नियमाने शेक होऊनही गाठ कमी न होता वाढत असेल, तर या वयात आम्ही नुसती कापत नाही. थोडा तुकडा तपासायला पाठवतो. बहुतेक काही नसतं. पण क्वचित ही साधी गाठ नसते, ग्रंथीतच दुसरं काही वाढत असतं. मग कापणंही मोठं असतं." तिने कागद पुढे ओढला. "पुढच्या आठवड्यात करून टाकू."

वन्संचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला. त्यांनी भावजयीचा हात धरला. हात गार होता, पण पकड यंत्रावरची.

आणि घड्याळबाईला आपल्याच काउंटरची पलीकडची बाजू दिसली. तिथे ती उभी. पडलं नाही, भिजलं नाही, आपोआप झालं. अशा लोकांना ती काय सुनवायची, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. अहो, खरं सांगाल तर मी बरोबर जागी बघीन. खोटं सांगाल तर तुमचं धड घड्याळ मी उगाच खोलून बसेन.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी शेकलंच नाही."

"म्हणजे कधीमधी राहिलं?"

"एकदाही नाही. भांडं खिडकीत ठेवत होते."

वन्संनी हात सोडला. ओढून घेतला नाही, नुसता सोडला, तेच जास्त लागलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि आधी रागावून, मग न रागावता विचारलं, "का पण?"

मग तिने सांगितलं. घट्ट तेल, दिवा, पलीकडच्या रस्त्यावरचा तो दुकानदार, वडील. डॉक्टर गालावर हात ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, तुमचं घड्याळाचं बरोबर असेल. पण घड्याळातून ते घाण तेल बाहेर जायला वाट असते का?"

"नाही. ते आतच राहतं. म्हणून तर उघडायचं."

"इथे वाट आहे. आणि ती वाट उघडली, की पापणी स्वतःला साफ करते. मी नाही करत." तिने लिहिलेला कागद बाजूला सारला. "एक महिना मनापासून करा. तरी तशीच राहिली तर कापू आणि तपासूही. त्याआधी डोळा लाल झाला, दुखायला लागला, जास्त सुजला तर थांबू नका, लगेच या. आणि खरं सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलावर होतात."

परतीच्या वाटेवर वन्सं पुढे आणि घड्याळबाई मागे. रस्ता रुंद होता, दोघी सहज मावल्या असत्या. जिना चढून वर आल्यावर वन्सं तडक मागच्या खोलीत गेल्या आणि खिडकीच्या पाळीवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणून इथला रंग फुगलाय. मी पावसाला बोल लावत होते."

"वन्सं..."

"माझ्या ऊनऊन पाण्याने खिडकी शेकलीस. खिडकीची गाठ गेली का गं?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! तिथे ती पोर तुकडा पाठवते म्हणाली! आधी दादा गेला. आता तू..." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तोच पदर खोचला. "आडवी पड. दार उघडं राहील. आणि कापड मी धरणार."

त्या दिवसापासून घड्याळबाईच्या पापणीवर तिची सत्ता उरली नाही.

ती पलंगावर आडवी व्हायची, वन्सं उशाशी बसायच्या. कापड यायचं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा तिला धसका बसल्यासारखं झालं, कारण इतकी मऊ गोष्ट तिच्या उजव्या डोळ्याला आजवर कधी लागलीच नव्हती. त्या डोळ्याला ठाऊक होतं फक्त भिंगाचं कडक काळं कडं. मिटलेल्या पापणीआड लालसर उजेड पसरायचा. ऊब आधी वरच्या वर राहायची आणि मग कुठेतरी आत उतरायची. वन्सं कापड गार होऊ द्यायच्या नाहीत. दुसरं पिळलेलं तयार असायचं, पहिलं उचललं की ते लागायचं, मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही.

"इतकी घाई कशाला?"

"ऊब तुटली की पहिल्यापासून सुरुवात. चादरीचं पण तसंच. गप पड."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. वन्सं अबोला धरून शेकत होत्या, म्हणजे बोलायच्या सगळं, पण भिंतीशी. "काही लोकांना खिडक्यांची फार माया." भिंत काही बोलायची नाही. घड्याळबाईही नाही. तुकडा तपासायचा हे शब्द दोघींच्या मध्ये त्या भांड्याशेजारीच ठेवलेले होते. शेक झाला की ती हात धुऊन बोट पापणीवरून खाली फिरवायची, आणि वन्सं बघत नाहीत असं दाखवत बघत राहायच्या.

मग गाठ जराशी मऊ लागली. तिला वाटलं भास आहे. दुसऱ्या दिवशीही मऊ. "वन्सं, हात लावून बघा." वन्संनी बोटाचं टोक ठेवलं, ओठ मुडपले, आणि त्या दिवसापासून भिंतीशी बोलणं थांबलं.

आणि एका सकाळी ती उठली तर उजवी पापणी चिकटलेली. ओल्या कापडाने हलकेच सोडवली. कापडावर काहीतरी आलं होतं. तांदळाच्या कणीएवढं, पिवळट पांढरं, मेणासारखं. तिने खिडकीशी जाऊन ते डाव्या डोळ्याने पाहिलं. आणि ती तिथेच, फुगलेल्या रंगाच्या पाळीला टेकून, खाली बसली.

ते जुनं तेल होतं. दुसरं काय असणार! घड्याळांतून काडीला कापूस गुंडाळून, खड्या-खड्यातून तिने जन्मभर काढलं होतं ते हेच. हाच रंग, हाच चिकटपणा. फरक एवढाच की हे कुणी काढलं नव्हतं. रात्री ती झोपलेली असताना, वन्सं घोरत असताना, दुकान बंद असताना, एक बंद पडलेली वाटी आपली आपण उघडली होती आणि तिने आपला कचरा दाराबाहेर आणून ठेवला होता. तिच्या हातून आजवर हजारो घड्याळं गेली. कुठलंही झालं तरी रात्री जसं ठेवलं तसंच सकाळी सापडलं, किंवा त्याहून वाईट. आदल्या दिवसापेक्षा बरं होऊन सापडलेलं एकही नाही.

"वन्सं!"

वन्सं धावत आल्या. "काय झालं? दुखतंय?"

"हे बघा."

वन्संनी कापडाकडे बघितलं, मग भावजयीकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते गाठीमुळे नव्हतं.

"शी! एवढीशी घाण बघून रडतेस?"

"आपोआप आलं, वन्सं."

"आपोआप?" वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि मी काय इतके दिवस हवा खात होते?"

डॉक्टरने पुढच्या वेळी पापणी उलटली, सरळ केली, आणि म्हणाली, "कापायला काही उरलेलं नाही. मोहरीएवढं आहे ते जाईल. चाक गोल दिसतं का आता?" दिसत होतं. पुन्हा त्याच जागी गाठ आली तर घरी न थांबता तडक यायचं, भिंगाचं कडं रोज धुवायचं, आणि पापणीच्या कडा रोज साफ करत राहायच्या, असं तिने बजावलं. निघताना घड्याळबाईने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "पुन्हा एकदा दाखवाल?" डॉक्टरकडे बाहेर रांग होती, तरी तिने दाखवलं.

दुकानात आल्यावर घड्याळबाईने भिंग साबणाने धुतलं, पुसलं, कापडावर ठेवलं. काचेच्या झाकणाखाली नर्सबाईंचं घड्याळ गुंता होऊन पडलेलं होतं. दिवा लावला. खुर्ची ओढली. मग ती थांबली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"वन्सं, खाली या जरा."

"आता काय?"

"या तर. इथे बसा, दिव्याखाली. मान वर करा."

"काय करतेयस?"

"तुमची पापणी बघते."

"माझ्या पापणीला काय झालंय?"

"काही नाही. तेच बघायचंय."

वन्संना दिव्याखाली बसणं पसंत नव्हतं, पण बसल्या. घड्याळबाईने उजव्या डोळ्याला भिंग लावलं. ते जिथे बसायचं तिथे बसलं, सरळ, तिरकं न होता. तिने एका बोटाने नणंदेची खालची पापणी किंचित खाली ओढली आणि वाकली.

क्षणभर नुसता धूसर गुलाबी रंग. मग तिने मान केसभर पुढे नेली आणि सगळं लख्ख झालं.

होतं. तिथेही होतं. ठिपक्यांची ओळ, एका अंतरावर, एका रेषेत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. इस्त्रीच्या वाफेत जन्म घालवलेल्या, भावाच्या मागे राहिलेल्या, खिडकीच्या रंगावरून आठवडाभर भांडलेल्या या बाईच्या पापणीवर प्रत्येक वाटीत थेंब भरलेला. ना कुणी घातला, ना कुणी मोजला. साठीच्या घरात आलेली ही कड एकदाही कुणी खोलून धुतलेली नव्हती.

"डोळे मिटा."

वन्संनी मिटले.

"उघडा."

उघडले. ठिपक्यांवरचे थेंब पुसले गेले होते. ती बघत राहिली. मग, काहीही झालं नाही अशा थाटात, एका ठिपक्यावर चकाकी आली. मग शेजारच्या.

"वहिनी, माझ्या मानेला कळ लागली."

"एक मिनिट."

"डोळ्यात तेल घालून बघतेयस की काय?"

"घालायला नको, वन्सं. आहे." भिंगाच्या आत तिचा डोळा भरून आला आणि ठिपके पुन्हा धूसर झाले. तिने भिंग काढलं नाही. पापणी एकदा मिटली, उघडली, आणि ओळ परत स्वच्छ दिसली. "मिटा बघू अजून एकदा."

"मिटते. पण आधी सांग, सर्व्हिसिंगला किती दिवस लागतील? चहा टाकून आलेय मी वर."